‘सुरक्षित’ या शब्दाचा हिशेब

बाजारात गहू घेणारा माणूस चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो, एखादा दाताखाली धरून पाहतो. मडके घेणारा ते बोटाने वाजवून घेतो. कापड घेणारा ते चुरगळून आणि उजेडात धरून पाहतो. मालाची पारख करण्याचा हा हक्क ग्राहकाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हाती ठेवला असून बाजारपेठ ही संस्था बऱ्याच अंशी त्याच्याच आधारावर चालत आली आहे. औषधाच्या दुकानात मात्र हा व्यवहार एकाएकी निराळा होतो. तेथे मालाची निवड ग्राहक करीत नाही, डॉक्टर करतो. मालाची प्रत डोळ्यांना, जिभेला वा हाताला कळत नाही. आणि माल वाईट निघाला तर तो परत करण्याची सोय उरलेली नसते, कारण तोवर तो शरीरात भिनलेला असतो. लसीच्या बाबतीत तर ग्राहक आजारीदेखील नसतो. धडधाकट मूल आईच्या कडेवर बसून दवाखान्यात येते आणि कदाचित कधीच होणार नाही अशा रोगासाठी त्याच्या तोंडात थेंब घातले जातात.

ज्या मालाची पारख ग्राहकाला करता येत नाही, त्याची पारख त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी करावी लागते. ती कोण करतो, कशी करतो, तिचा खर्च कोण सोसतो आणि चूक झाल्यास ती कोण भोगतो, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे आहेत तितकेच समाजव्यवस्थेचेही आहेत. ‘ही लस सुरक्षित आहे’ या चार शब्दांच्या वाक्यामागे एक मोठा हिशेब उभा असतो. तो हिशेब सर्वसामान्य सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो आणि त्यामुळेच आपल्याकडे एक तर आंधळा विश्वास आढळतो, नाही तर तितकाच आंधळा संशय. रोटाव्हायरस या विषाणूवरील लसीचा १९९८ पासूनचा इतिहास हा हिशेब समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. त्याचा आरंभ अमेरिकेत झाला असला तरी त्यातील एक महत्त्वाचा अध्याय भारतात, पुण्याजवळच्या ग्रामीण भागातही घडला. त्याकडे वळण्यापूर्वी चाचणीचे नियम मुळात का आले, हे पाहणे आवश्यक आहे.

कायद्याआधीचे मृत्यू

औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटते. परंतु १९३७ पर्यंत ती अमेरिकेच्याही कायद्यात नव्हती. त्या वर्षी सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरील गुणकारी औषध एका अमेरिकन कंपनीने पातळ स्वरूपात बाजारात आणले. ते विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा गोडसर द्रव वापरला गेला. या मिश्रणाची चव, रंग आणि वास यांची परीक्षा झाली. ते विषारी आहे काय, याची झाली नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत अनेक मुले होती. कंपनीवर कारवाई करण्यासाठी सरकारला जो आधार सापडला तो तर विलक्षणच होता. ‘एलिक्झिर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधात अल्कोहोल असावयास हवे आणि या औषधात ते नव्हते, एवढाच तो आधार. म्हणजे गुन्हा ठरला तो माणसे मेल्याचा नव्हे, बाटलीवरील नाव चुकल्याचा! १९३८ च्या कायद्याने विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा सक्तीचा केला, तो या अनुभवानंतर.

दुसरा धडा थॅलिडोमाइडचा. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे झोपेचे औषध गर्भवती स्त्रियांना मळमळीवरही दिले जाई. ते १९६१ च्या अखेरीस मागे घेतले जाईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुले अपुरे हातपाय किंवा अन्य गंभीर व्यंगे घेऊन जन्मास आली होती. अमेरिकेत औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी या अधिकारी महिलेने पुरावा अपुरा असल्याचे सांगून कंपनीच्या तगाद्याला न जुमानता परवानगी रोखून धरली आणि तेथील असंख्य मुले वाचली. १९६२ साली तेथील कायदा आणखी कडक झाला. औषध निर्धोक असून भागणार नाही, ते गुणकारी असल्याचेही सिद्ध करावे लागेल आणि ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची संमती घ्यावी लागेल, अशी तरतूद आली.

नियम पुस्तकात असणे आणि प्रत्येक पिंपातील द्रव प्रत्यक्ष तपासला जाणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये सापडले ते १९३७ चेच डायएथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची जी चिरफाड केली ती महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात गाजली. तरीही २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात साठांहून अधिक बालकांच्या मृत्यूंच्या संदर्भात भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला, आणि २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या औषधातील याच विषाने वीसहून अधिक मुले दगावली. ही उदाहरणे नव्या औषधाच्या चाचणीची नव्हेत, तयार मालाच्या तपासणीची आहेत. परंतु परवान्यापूर्वीची परीक्षा कितीही कसून झाली तरी नंतरचा पहारा सुटला की ती व्यर्थ ठरते, हे त्यांतून दिसते.

पायऱ्या आणि त्यांचे प्रयोजन

नवे औषध किंवा लस प्रथम प्रयोगशाळेत आणि नंतर प्राण्यांवर तपासली जाते. त्यात ती विषारी वाटली नाही तर माणसांवरील चाचणी सुरू होते. पहिल्या टप्प्यात बहुधा काही डझन निरोगी स्वयंसेवक असतात. येथे प्रश्न एवढाच असतो की, माणसाचे शरीर हे द्रव्य सोसते की नाही आणि किती मात्रेपर्यंत सोसते. दुसऱ्या टप्प्यात काही शेकडा माणसे घेऊन योग्य मात्रा आणि अपेक्षित परिणाम पाहिला जातो. तिसऱ्या टप्प्यात हजारो माणसे असतात आणि तेथेच खरी तुलना होते.

या तुलनेची पद्धत शिक्षकवर्गाला समजण्यास अवघड जाऊ नये. एखादी नवी अध्यापनपद्धती केवळ हुशार मुलांच्या तुकडीत वापरून निकाल चांगला लागल्याचे कोणी सांगितले, तर कोणीही मुख्याध्यापक त्यावर विश्वास ठेवणार नाही. तुकड्या सारख्या असल्या पाहिजेत. म्हणून कोणाला लस मिळावी आणि कोणाला लशीसारखाच दिसणारा निष्क्रिय द्रव मिळावा, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर सोपविले जाते. तसेच बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, केवळ आसनक्रमांक असतो; परीक्षकाचा लोभ वा आकस गुणांत उतरू नये म्हणून ही योजना असते. चाचणीतही कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्याला, देणाऱ्याला व तपासणाऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते. संकेतांची गुरुकिल्ली निराळ्या हाती असते आणि मोठ्या चाचण्यांत एक स्वतंत्र समिती मधूनमधून आकडे तपासून, धोका दिसल्यास, चाचणी थांबविण्याचा सल्ला देऊ शकते. ही सर्व व्यवस्था मनुष्यस्वभावाविषयीच्या अविश्वासावर उभी आहे आणि तिचे बळही त्यातच आहे. ज्याचा पैसा गुंतला आहे, ज्याची कीर्ती गुंतली आहे आणि ज्याला बरे होण्याची आशा आहे, या तिघांनाही आपल्या डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हे तिने गृहीत धरले आहे.

तीनाचा नियम

एवढे करूनही चाचणी सर्व काही सांगू शकत नाही. याचे कारण संख्याशास्त्राच्या एका साध्या नियमात आहे. समजा, ३,००० लोकांना लस दिली आणि एकालाही विशिष्ट गंभीर त्रास झाला नाही. यावरून तो त्रास कधीच होणार नाही, असे म्हणता येत नाही. तीनाला लोकांच्या संख्येने भागावे. तेवढ्या प्रमाणापेक्षा तो त्रास अधिक नसावा, असे सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ३,००० लोकांच्या बाबतीत हे प्रमाण हजारात एक इतके येते. म्हणजे दहा हजारांत एकाला होणारा त्रास या चाचणीतून सहज निसटू शकतो. एका वैयक्तिक डॉक्टरच्या दृष्टीने दहा हजारांत एक हे प्रमाण नगण्य वाटेल. परंतु ज्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्मास येतात, तेथे त्याचा अर्थ दोन हजारांहून अधिक मुले असा होतो.

रोटाव्हायरसच्या पहिल्या लसीच्या बाबतीत नेमके हेच घडले. हा विषाणू लहान मुलांना तीव्र जुलाब व उलट्या घडवून आणतो आणि शरीरातील पाणी झपाट्याने कमी करतो. ‘रोटाशील्ड’ नावाच्या लसीला अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये परवाना मिळाला. परवान्यापूर्वीच्या चाचण्यांत लस मिळालेल्या १०,०५४ बालकांपैकी ५ जणांच्या बाबतीत आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकल्याचे आढळले होते. निष्क्रिय द्रव मिळालेल्या ४,६३३ बालकांत असे एकच उदाहरण होते. हा विकार तान्ह्या मुलांत एरवीही क्वचित होतोच. पाचास एक हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असे संख्याशास्त्र सांगत होते आणि ते चुकीचे नव्हते. मात्र शंका नोंदवून ठेवली गेली होती. लस सर्वत्र दिली जाऊ लागल्यावर, लसीनंतर होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे जुलै १९९९ पर्यंत अशा १५ घटना पोहोचल्या. वापर तत्काळ थांबविण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये लस बाजारातून मागे घेतली गेली. पुढे हा धोका दहा हजारांत सुमारे एक इतका असल्याचा अंदाज सर्वसाधारणपणे मान्य झाला.

या घटनेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. चाचणी अपयशी ठरली, असे कोणी म्हणेल. परंतु जे चाचणीच्या आवाक्याबाहेर होते ते नोंदींच्या यंत्रणेने वर्षभराच्या आत पकडले, हे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. कोविडच्या काळात २०२१ साली युरोपात असाच अनुभव आला. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा अतिविरळ विकार लक्षात आला तो लस लाखो लोकांना दिली गेल्यानंतर. चाचणीतील हजारोंच्या संख्येत तो दिसणे जवळजवळ अशक्य होते.

धोका एक, हिशेब दोन

रोटाशील्ड मागे घेण्याचा निर्णय अमेरिकेच्या दृष्टीने योग्यच होता. तेथे लसीपूर्वीच्या काळात रोटाव्हायरसमुळे वर्षाला वीस ते साठ मुले दगावत. दवाखाना जवळ, सलाईन उपलब्ध, मोटार दाराशी. अशा समाजाने दहा हजारांत एकाच्या आतड्याचा धोका का पत्करावा? पण त्याच सुमारास जगभर या विषाणूमुळे वर्षाला सुमारे पाच लाख बालके मृत्युमुखी पडत असल्याचा अंदाज होता आणि त्यांतील बहुसंख्य गरीब देशांतील होती. भारतातील मृत्यूंचा नंतर करण्यात आलेला एक अंदाज वर्षाला पाऊण लाखाहून अधिक होता. या देशांसाठी हिशेबाची दुसरी बाजू कितीतरी जड होती. तरीही अमेरिकेने आपल्या मुलांसाठी नाकारलेली लस स्वतःच्या मुलांना देणे कोणत्याही गरीब देशाच्या सरकारला राजकीयदृष्ट्या शक्य नव्हते.

पुढच्या दोन लसींच्या चाचण्या मुद्दाम प्रचंड आकाराच्या केल्या गेल्या. एकीत सुमारे ७०,००० तर दुसरीत ६३,००० हून अधिक बालके होती. दोन्ही चाचण्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि जगातील सर्व देशांनी या लसी वापराव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली केली. रोटाशील्ड मागे घेतल्यापासून तोवर दहा वर्षे लोटली होती. लसीने सगळेच मृत्यू टळले असते असे नव्हे. तरीही या विलंबालाही किंमत होती आणि ती अमेरिकेतील बालकांनी दिलेली नाही. घाईने परवाना दिल्यास जे मरतात त्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात. परवाना लांबल्यामुळे जे मरतात त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर केवळ ‘जुलाब’ असे लिहिलेले असते. एका बाजूचे जमाखर्च डोळ्यांसमोर आणि दुसऱ्या बाजूचे दृष्टीआड, अशा खतावणीवरून निर्णय घ्यावा लागणे ही या क्षेत्रातील मूलभूत अडचण आहे.

मात्र या युक्तिवादात एक खाच आहे आणि ती ओळखणे अगत्याचे आहे. गरीब देशात रोग मोठा म्हणून तेथे थोडी अधिक धोक्याची लस चालेल, असे एकदा मान्य केले की कमी तपासलेला माल गरिबांच्या गळ्यात मारण्यास सोयीचे तत्त्वज्ञानच तयार होते. शिवाय आतडे अडकल्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर मूल जगत नाही आणि ती शस्त्रक्रिया शिकागोत जितकी जवळ असते तितकी एखाद्या आदिवासी पाड्यावर नसते. म्हणजे धोकाही तेथे अधिकच जड होतो. तेव्हा हिशेब देशागणिक निराळा होऊ शकेल, हे खरे. परंतु तो मांडण्याचा अधिकार धोका ज्याच्या वाट्याला येणार त्याचा आहे, औषध विकणाऱ्याचा किंवा दूर बसलेल्या हितचिंतकाचा नव्हे. त्यासाठी त्या देशाजवळ स्वतःची चाचणी, स्वतःचे आकडे आणि स्वतःची नोंदयंत्रणा असावी लागते.

भारतातील चाचणी

भारताने हे काम केले, ही समाधानाची गोष्ट आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही नवजात बालकांच्या शरीरात रोटाव्हायरसचा असा वाण सापडला की, ज्यामुळे त्या बालकांना जुलाबाचा त्रास होत नव्हता. त्या वाणापासून पुढे सरकारी संस्था, परदेशी साहाय्य आणि हैदराबादची भारत बायोटेक यांच्या सहकार्याने ‘रोटाव्हॅक’ ही लस तयार झाली. तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११ पासून दिल्ली, पुण्याजवळचा ग्रामीण भाग आणि वेल्लोर येथे झाली. तीत ६,७९९ बालकांनी भाग घेतला. त्यांपैकी ४,५३२ बालकांना लस मिळाली आणि २,२६७ बालकांना निष्क्रिय द्रव. तीव्र स्वरूपाच्या रोटाव्हायरस जुलाबांपासून पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी परवाना मिळाला आणि २०१६ साली चार राज्यांत तिचा सार्वत्रिक लसीकरणात समावेश होऊन पुढे ती योजना देशभर नेण्यात आली.

परंतु तीनाचा नियम येथेही लागू होतोच. साडेचार हजार बालकांच्या गटात दहा हजारांत एक असा धोका ओळखता येणे शक्य नव्हते. काही अभ्यासकांनी केंद्रनिहाय आकडे खुले करावेत, अशी मागणी केली आणि त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. लसीचे शत्रू म्हणून त्यांना झिडकारणे अयोग्य होते. कारण विचारलेला प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने रास्तच होता. त्याचे उत्तर अखेर मिळाले ते लसीकरण सुरू झाल्यावर केलेल्या पाहणीतून. दहा राज्यांतील २७ रुग्णालयांत आतडे अडकलेल्या तान्ह्या मुलांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली आणि लस दिल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत हा विकार त्याच मुलाच्या अन्य दिवसांपेक्षा अधिक होतो काय, हे तपासण्यात आले. तसा वाढीव धोका आढळला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षापर्यंत पोहोचण्यासाठी कंपनीचा परवाना पुरेसा नव्हता. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या आजारी मुलांच्या लसीकरणपत्रिकेवर परिचारिकेने लिहिलेली अचूक तारीख लागली. ‘सुरक्षित’ हा शब्द असा तारखेगणिक, नोंदीगणिक सिद्ध होत असतो.

संमती कोणाची?

या साऱ्या हिशेबाचे भांडवल म्हणजे चाचणीत भाग घेणारा माणूस. ज्ञान सर्वांचे होते, धोका मात्र थोड्यांचा असतो. म्हणूनच त्याची समजून-उमजून दिलेली संमती हा केवळ कागदोपत्री उपचार असू शकत नाही. या बाबतीत आपला इतिहास निष्कलंक नाही. २००९-१० साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणाऱ्या लसीचा एक प्रकल्प राबविण्यात आला. लसींना परवाना मिळालेला होता. प्रकल्पाच्या काळात सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशी समितीला या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु संमतीपत्रे तपासली गेली तेव्हा जे दिसले ते लाजिरवाणे होते. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांच्या नव्हे, तर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते.

या सह्या करणारे कोणी दुष्ट लोक नव्हते. वरून आलेले परिपत्रक पाळावयाचे, या सवयीने त्यांनी लेखणी उचलली असेल. पण मूल आपल्या ताब्यात आहे म्हणून त्याच्या शरीरावरील निर्णयही आपला, ही समजूत किती सहज रुजते हे यातून दिसते. नुकसान केवळ त्या मुलींच्या पालकांचे झाले नाही. एका उपयुक्त लसीभोवती संशयाचे धुके जमले आणि तिचा सार्वजनिक विचार आपल्या देशात दीर्घकाळ मागे पडला. संमती टाळून वाचविलेले चार दिवस असे वर्षांच्या भावाने परत फेडावे लागतात.

त्यानंतर नियम बदलले. चाचणीमुळे इजा अथवा मृत्यू झाल्यास भरपाई देण्याची तरतूद २०१३ साली नियमांत आली आणि २०१९ च्या नव्या नियमावलीत ती अधिक तपशिलाने मांडली गेली. चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी तर २००९ पासूनच सक्तीची आहे. त्यामुळे चाचणी सुरू करून निकाल प्रतिकूल आल्यास ती झालीच नाही असे भासविणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. प्रत्येक चाचणीला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. भाग घेणाऱ्याला वाचता येत नसेल, तर संमतीच्या वेळी तटस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. ही दोन्ही कामे शिक्षकाकडे किंवा कार्यालयातील लेखनिकाकडे येण्याचा संभव असतो. तेथे सही करण्यापूर्वी कागद वाचणे, समोरच्या माणसाला ‘नाही म्हटले तरी चालते’ हे समजले आहे की नाही याची खात्री करणे आणि न समजल्यास सही नाकारणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. नियमाचे रक्षण दिल्लीतील कार्यालयात जितके होते त्याहून अधिक या सहीपाशी होते.

अर्थशास्त्रात काही वस्तू अशा मानल्या जातात की, त्यांचा लाभ सर्वांना मिळतो म्हणून त्यांचा खर्च उचलण्यास कोणीच आपण होऊन पुढे येत नाही. रस्त्यावरचा दिवा ही त्यांतली एक, आणि औषधाच्या दुष्परिणामांची खरीखुरी माहिती ही दुसरी. औषध विकणाऱ्या कंपनीला परवान्यापुरती माहिती गोळा करण्यात रस असतो. परवान्यानंतर धोका शोधून काढण्यात तिला स्वतःहून फारसा लाभ नसतो. म्हणून ते काम शासनाने करावयास हवे आणि नागरिकांनी त्याला हातभार लावावयास हवा. २०१० पासून भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्याकडे रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो, हे फारच थोड्यांना माहीत असते. लस घेतल्यावर मुलाला काही गंभीर त्रास झाला तर शेजारणीपाशी कुजबुजण्यापेक्षा आरोग्य केंद्रात जाऊन तो लिहून घ्यावयास लावणे हे लसीविरुद्धचे कृत्य नव्हे. रोटाशील्डचा दोष अशा अवघ्या पंधरा नोंदींनी उजेडात आणला.

तेव्हा नवी लस किंवा नवे औषध आले की ‘ते सुरक्षित आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. किती लोकांवर तपासले, किती काळ तपासले, कोणाशी तुलना करून तपासले, त्यांनी समजून संमती दिली होती काय आणि आता नोंद कोण ठेवीत आहे, हे पाच प्रश्न विचारावेत. गहू दाताखाली धरून पाहण्याचा जुना हक्क औषधाच्या दुकानात चालत नाही. त्याच्या जागी नागरिकाजवळ हे पाच प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरे मिळविणे हा त्याचा हक्क आहे.